टाके काढणार आहेत

"पण थे तं बोलतच नाई. मंग आवाज गेला हे समजलं कसं?"

दाराबाहेर आत्या माझ्या आईला विचारत होती. हळू आवाजात विचारत होती, पण आत्याचा हळू आवाज नागपूरच्या त्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत पोचत होता. मी आत, कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमसमोर बसले होते. माझ्या नाकातून कॅमेऱ्याची एक बारीक नळी घशापर्यंत उतरवली होती. मला हसू आलं. नळी आत असताना हसता येत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

"ई म्हण," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी बाहेर आलं.

समोरच्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. उजवी हलत होती, डावी जागच्या जागी. दोन सुया हातात धरून एकाच सुईने विणायला बसल्यासारखं ते दिसत होतं.

मॅडमनी आईला आत बोलावलं. "लेफ्ट व्होकल कॉर्ड पाल्सी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे डाव्या स्वरतंतूला लकवा."

"लकवा?" आईने भिंत धरली. "चोवीस वर्षांच्या पोट्टीले लकवा?"

"तोंड वाकडं होतं तो नाही, आई. थायरॉइडच्या मागून एक नस जाते, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ती स्वरतंतू हलवते. ऑपरेशनच्या कागदात लिहिलंय, नस दिसली होती, जपली होती. तरी कधी कधी तिला ओढ बसते आणि ती गप्प होते."

"मंग बोलन केव्हा?"

"बहुतेकांचा आवाज येतो. कोणाला तीन महिने लागतात, कोणाला सहा, कोणाला वर्ष. काहींचा नाही येत. आज मी नक्की सांगू शकत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

माझ्या सगळ्या आजारपणात आत्याइतका नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या गळ्याचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर त्याचं उत्तर तुमच्या कामी येईल. म्हणून लिहिते आहे.

आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. बाबा पॉवर स्टेशनमध्ये आहेत. मी घरून एका कंपनीचं काम करते आणि ते सगळं चॅटवर चालतं. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली. मराठी मला यायची ती आईची, म्हणजे सिंदेवाहीकडची. पुस्तकातली मराठी मी मोठी झाल्यावर शिकले, आणि तीही विणकामामुळे.

आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, 'सुई आणि पान' नावाचा. तीसेक बायका. दर रविवारी दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल असतो. एकजण पुस्तक मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकत विणतात. मी टाक्यांचे नमुने शिकायला आले आणि गोष्टींसाठी थांबले. ग्रुप चालवतात पुण्याच्या अनुराधाताई. भामरागडकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्सबाई सुनंदाबाई आमच्याकडून बाळांसाठी टोपडी गोळा करतात. तिकडे जंगलात थंडीच्या दिवसांत जन्मलेल्या बाळाचं डोकं आधी झाकावं लागतं. मी तोपर्यंत एकोणीस टोपडी पाठवली होती आणि विसावं, पिवळं, सुयांवर होतं. कॉलवर मात्र मी नेहमी म्यूट असायचे. त्याचं कारण पुढे सांगते.

पहिलं लक्षण मला लोकरीत दिसलं. एप्रिलमध्ये मी स्वतःसाठी बंद गळ्याचा स्वेटर विणत होते. घालून पाहिला तर गळा डावीकडे उचलला जात होता. मला वाटलं, टाके कमी-जास्त झाले. उसवलं, परत विणलं. परत डावीकडे. अजून एकदा उसवलं.

आई कूलरसमोर बसून बघत होती. "एप्रिलमंधी स्वेटर घालून राह्यली," ती बाबांना म्हणाली. "ऊन लागलं का इले?"

तिसऱ्यांदा मी टाके मोजले. दोन्हीकडे बरोबर होते. मग आरशासमोर उभी राहिले आणि स्वेटर काढून पाहिलं. विणकाम सरळ होतं. माझी मान सरळ नव्हती.

चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. थायरॉइड नोड्यूल, म्हणजे थायरॉइड ग्रंथीवर गाठ. मग एफ.एन.ए.सी., म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, फॉलिक्युलर निओप्लाझम. सर्जननी सांगितलं, "ही गाठ साधी आहे की कॅन्सरची, ते सुईने नाही कळत. अर्धी ग्रंथी काढून तपासावी लागेल." या ऑपरेशनला हेमिथायरॉइडेक्टमी म्हणतात. संमतीच्या कागदावर आवाजाबद्दल एक ओळ होती. मी ती वाचली, सही केली आणि पुढची ओळ वाचली. कॅन्सर हा शब्द समोर असताना आवाजाकडे कोण बघतं? आणि मला वाटलं, माझा आवाज असा लागतोच किती.

जूनमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा घसा बसलेला होता. "श्वासाची ट्यूब घातली होती ना, दोन-चार दिवस राहील असं," वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या. मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि आम्ही घरी आलो. आई विचारायची, चहा घेतं का? मी मान हलवायचे. दुखून राह्यलं का? मी मान हलवायचे. पाणी पिताना ठसका लागायचा, तर मी थांबून थांबून प्यायचे. आमच्या घरात प्रश्न असेच असतात, हो किंवा नाही इतकंच उत्तर लागणारे. ते माझ्यामुळेच तसे झाले असणार. माझ्याकडून लांब उत्तराची वाट बघणं सगळ्यांनी कधीच सोडलं होतं.

टाके काढायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर अनुराधाताईंनी विचारलं, "पल्लवी, पिवळ्या टोपड्याचं कुठवर आलं?"

ग्रुपमध्ये मी ऑपरेशनचं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतंही. मी लिहिलं, "उद्या टाके काढणार आहेत. मग बघते."

मिनिटाभरात मेसेज सुरू झाले.

"काढू नकोस, आधी फोटो टाक."

"एखादाच टाका सुटला असेल, तर क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. सगळे कशाला काढतेस?"

"ही घाई करतेच. स्वेटरचा गळाही दोनदा उसवला हिने."

"पुढच्या वेळी लाइफलाइन घाल गं." लाइफलाइन म्हणजे एका ओळीतून ओवून ठेवलेला वेगळ्या रंगाचा दोरा. उसवताना विणकाम त्या ओळीपाशी थांबतं.

चौदा मेसेज आले. मी पलंगावर बसून पट्टीवर हात धरला आणि हसले. आवाज न करता हसले, कारण आवाज नव्हता. तेव्हाही मला ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरला टाके निघाले आणि रिपोर्टही मिळाला. फॉलिक्युलर ॲडिनोमा. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. आईने सर्जनच्या टेबलावर डोकं टेकलं. "वाचली वो माय माही पोट्टी," ती म्हणाली आणि पदराने चष्मा पुसत राहिली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. एवढ्या आनंदात सर्जननी मला विचारलं, "काही त्रास?" मी मान हलवली, नाही.

ही माझी चूक. ती दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

दोन दिवसांनी मला एकटीला सुनंदाबाईंचा मेसेज आला. त्यांच्याकडे पाऊस लागला होता, पूल पाण्याखाली गेला होता आणि टॉवरही बंद होता. ग्रुपवरचं सगळं त्यांनी एकदम वाचलं होतं. सुनंदाबाई जशा बोलतात तशाच लिहितात.

"पल्लवी, तू 'काढणार आहेत' लिवलं. टोपड्याचे असते तं 'काढणार आहे' लिवलं असतं. कोण काढणार आहेत? कुठचे टाके?"

मी माझी ओळ परत उघडून वाचली. तीसजणींनी वाचलेल्या ओळीतला एक 'त' एका बाईने पाहिला होता.

"मानेचे," मी लिहिलं.

"थायरॉइड का?"

"हो. रिपोर्ट चांगला आला."

"चांगलं झालं. आवाज कसा हाय?"

अकरा दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी लिहिलं, "बसलाय. ट्यूबमुळे."

"अकरा दिवस ट्यूबमुळे नसते बसत. पानी पेताना ठसका लागते का?"

"हो."

"मंग घड्याळ समोर ठेव. एका श्वासात 'आ' म्हण. किती सेकंद टिकते ते सांग."

मी खोलीचं दार लावलं आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. चार सेकंद. त्यातही दोन सेकंद नुसती हवा. पुन्हा केलं. चार.

"चार," मी लिहिलं.

"माया इथच्या बाळंतिणी पंधरा टिकवतात, थेही लेकरू कडेवर घेऊन. उद्याच घशाच्या डॉक्टरले दाखव. आन आता फोन ठेव, मायले सांग. मले सांगून काई होत नाई."

मी स्वयंपाकघरात गेले. आई पाठमोरी होती, कढईत फोडणी तडतडत होती. मी "आई" म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, जोर लावून. परत फक्त हवा. तिच्यापासून मी दोन हातांवर उभी होते.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली. मी म्हटलं, "आवाज नाही येत." ती माझ्या ओठांकडे बघत होती, ऐकायला नाही, समजून घ्यायला.

तिने गॅस बंद केला. "केव्हापासून?"

मी बोटांनी दहा दाखवले, मग एक.

ती पाटावर बसली. "अन मी समजलो का रुसली हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात ठेवलं म्हणून रागात हाय. मी तुले इचारलोच नाई."

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आवाज गेला हे घरात कोणाला समजलं नाही. मलाही समजलं नाही. ते समजलं भामरागडकडे, टॉवर सुरू झाल्यावर.

आता म्यूटचं कारण. ग्रुपमधल्या माझ्या दुसऱ्या रविवारी अनुराधाताईंनी विचारलं होतं, "पुढचं पान कोण घेतंय?" मी तेव्हा उत्साहात होते. म्हटलं, "मी वाचतो."

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. आई म्हणते मी जातो, आत्या म्हणते मी येतो. तुम्ही वर वाचलंच, मी समजलो. कॉलवर कोणीतरी हसलं. अनुराधाताई प्रेमाने म्हणाल्या, "अगं, वाचते म्हण. मुलगा आहेस का तू?" आणखी दोघी हसल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मी माइक बंद केला आणि म्हटलं, नेट गेलं. नंतर अकरा महिने माझं नेट प्रत्येक रविवारी गेलेलंच होतं. लिहिताना मी बरोबर लिहायचे, वाचते, करते, येते. चूक फक्त बोलताना व्हायची, म्हणून बोलायचं नाही असं ठरवून टाकलं.

आणि आता ठरवूनही बोलता येणार नव्हतं. दवाखान्यातून परतताना गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. गप्प राहणं हे माझं होतं, ते मी निवडलेलं होतं. हे माझं नव्हतं.

स्पीच थेरपी सुरू झाली, म्हणजे आवाजाचे व्यायाम. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर, नागपूरच्या थेरपिस्ट मॅडमबरोबर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "कुजबुजायचं नाही. कुजबुजण्याने घशावर जास्त ताण येतो. बोलायचं तर आवाज काढून, नाहीतर पूर्ण गप्प." माझं निम्मं आयुष्य कुजबुजण्यात गेलं होतं, ते बंद झालं.

ग्लासात दोन बोटं पाणी घ्यायचं, स्ट्रॉ घालायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाणी पिताना हनुवटी छातीकडे झुकवायची, म्हणजे ठसका लागत नाही. सकाळ-संध्याकाळ 'आ' मोजायचा. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं.

सकाळची वंदना बाबा घेतात. ते टर्बाइनच्या आवाजात बोलायला शिकलेले, त्यामुळे घरीही त्यांचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जातो. मी इतकी वर्षं त्यांच्या आवाजामागे नुसते ओठ हलवायचे. त्या जुलैत त्यांनी मला बाजूला बसवलं. माझा श्वास ओळीच्या मधेच संपायचा. बाबा थांबायचे, हात जोडलेलेच ठेवून. मी श्वास घ्यायचे, ओळ पुरी करायचे, मग ते पुढे जायचे. दहा मिनिटांच्या वंदनेला वीस मिनिटं लागू लागली. एकदा त्यांची कंपनीची बस चुकली. त्यांनी बाइक काढली.

वाचन मी आईला ऐकवायचे. ग्रुपमध्ये एक कादंबरी चालू होती, गावाची बुजलेली विहीर शोधायला निघालेल्या दोन बहिणींची. आई तांदूळ निवडत ऐकायची. माझा आवाज दर दोन ओळींना फाटायचा. पहिले काही दिवस ती माझा आवाज ऐकत होती. मग ती गोष्ट ऐकायला लागली.

"थांबली काऊन?" ती एकदा म्हणाली.

"दहा मिनिटं झाली."

"दहा डॉक्टरनं सांगितले. मी थोडी सांगितले? थे लहानी बहीण नदी उतरली का नाई, तेवढं वाच."

अशाने आम्ही दोघी ग्रुपच्या पुढे गेलो. रविवारी जे पान वाचलं जायचं, ते आईला गुरुवारीच माहीत असायचं.

'आ' चारवरून पाचवर आला, मग तीन आठवडे पाचवरच राहिला. त्या तीन आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. व्यायाम करायचा, मोजायचं, पाच. एका दिवशी सहा झाले, दुसऱ्या दिवशी परत पाच. ग्रुपमध्ये मी आता सगळं सांगितलं होतं. अनुराधाताईंनी लिहिलं, "आम्ही तुला क्रोशाची सुई सुचवत बसलो, माफ कर." खाली कोणीतरी लिहिलं, "पण लाइफलाइनचा सल्ला बरोबर होता." सुनंदाबाईंनी फक्त विचारलं, "आज किती?" टॉवर असला की त्या रोज तेवढंच विचारायच्या.

सप्टेंबरच्या तपासणीत परत नळी घातली, परत पडदा लागला. "ई म्हण." उजवी पट्टी हलली. डावी थरथरली आणि थोडी आत आली. निम्मी वाट, पण आली.

"हलली," मॅडम म्हणाल्या. "नस उठते आहे. आणखी तीन महिने द्या."

दारातून आत्या म्हणाली, "झोपेतून उठाले पोट्टीवरच गेली म्हणायची नस बी." या वेळी नळी निघालेली होती. मी हसले आणि माझ्या हसण्याचा आवाज आला.

माझ्यासारखंच गळ्याचं ऑपरेशन तुमचं होणार असेल, तर एवढंच सांगेन. घरी आल्यावर मान हलवून उत्तरं देऊ नका. ट्यूबमुळे आवाज बसतो हे खरं आहे, पण आठवड्याने तो परत आला नाही, किंवा पाणी पिताना ठसका लागत राहिला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. लवकर कळलं की व्यायाम लवकर सुरू होतात. आणि घरात कमी बोलणारं कोणी असेल, तर ऑपरेशननंतर त्यांना असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर मानेने देता येत नाही.

माझा आवाज आजही पूर्वीसारखा नाही. थोडा जाड आहे, वरच्या पट्टीत फाटतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी 'आ' अकरा सेकंद होता.

त्या रविवारी सुनंदाबाई वाचत होत्या. त्या 'पाणी'ला 'पानी' वाचतात, 'विहीर'ला 'इहीर'. त्यांना कोणी कधी टोकलं नाही, कारण त्या वाचायला लागल्या की सगळ्यांच्या सुया हळू होतात. मी पिवळ्या टोपड्याच्या शेवटच्या ओळीवर होते. आई बाजूला तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली होती. मोठी बहीण विहिरीच्या काठावर पोचली, तिने आत वाकून पाहिलं, आणि सुनंदाबाईंचा चेहरा पडद्यावर अर्ध्या उघड्या तोंडाने थांबला. त्यांच्याकडे परत पाऊस होता.

आम्ही थोडा वेळ थांबलो.

"रेंज गेली वाटतं," अनुराधाताई म्हणाल्या. "इथे थांबवायला नको. पुढचं कोण घेतंय?"

सगळ्यांच्या हातात काम होतं. आईने मला कोपराने ढोसलं. "तुले तं येते थे पान," ती म्हणाली. "इहिरीत काय हाय थे त्याइले समजू दे."

मी सुया खाली ठेवल्या. थेरपीच्या व्यायामात मी हे वाक्य आठवडाभर म्हणून पाहिलं होतं, 'वाचते' म्हणत, ग्रुपला चालेल तसं. हनुवटी सरळ केली. पोटातून श्वास घेतला. माइकच्या खुणेवर बोट टेकवलं, आणि माझ्या तोंडून घरातलं आलं.

"मी वाचतो."